भिंतीवरचा टॅब आणि त्याची बॅटरी



घरात नवी वस्तू आली की ती कुठे ठेवायची, किती वेळ चालवायची, कशी पुसायची हे आपण आपसूक ठरवून टाकतो. मिक्सर सलग किती फिरवावा, इस्त्री तापत ठेवून दार उघडायला जाऊ नये, कुकरची रिंग कधी बदलावी, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. भिंतीवरच्या टॅबच्या बाबतीत मात्र असं झालेलं दिसत नाही. यजमानांनी किंवा मुलाने हौसेने तो हॉलमध्ये बसवला, दिवे, पंखे, गीझर, दारावरचा कॅमेरा त्याला जोडून दिला, चार्जरची वायर मागून घेतली आणि बटण चालू केलं. त्या दिवसापासून ते बटण कायमचं चालूच! मग कधी वर्षाने, कधी दोन वर्षांनी टॅबची पाठ फुगते, काच कडेने उचलली जाते, आणि आपण कंपनीला नावं ठेवून मोकळ्या होतो.

खरं म्हणजे टॅब हातात धरून वापरायचा, उतरला की भरायचा, अशा बेताने बनवलेला असतो. आपण त्याला घड्याळासारखा भिंतीवर टांगतो आणि चोवीस तास विजेला जोडून ठेवतो. बरं, तो असतो कुठे? जिथे आजी-आजोबांचा पलंग असतो, बाळाचा पाळणा असतो, पडदे असतात, तिथेच. म्हणून आज हा विषय घेतला आहे. यात इंजिनिअर असण्याची मुळीच गरज नाही, बरं का.

बिघडतं काय?

"रात्रंदिवस लावून ठेवला की बॅटरीत जास्त वीज शिरते," अशी पुष्कळजणींची समजूत असते. तसं होत नाही. बॅटरी भरली की आतली यंत्रणा चार्जिंग आपोआप थांबवते. त्रास होतो तो बॅटरी सदान्‌कदा तुडुंब भरलेली राहिल्याने. टॅबमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती पूर्ण भरली की तिच्या एका घटात साधारण ४.२ व्होल्टचा दाब असतो. निम्मी भरलेली असताना तो ३.७-३.८ च्या आसपास असतो. वरच्या दाबाला आतली रसायनं हळूहळू बिघडत जातात, आणि त्यातून थोडा थोडा वायूही तयार होतो. बॅटरी असते बंद पाकिटात. वायू जाणार कुठे? पाकीट फुगतं. पुरी फुगली की आपल्याला समाधान, पण बॅटरी फुगली की समजावं, आता ही घरात नको.

याच्या जोडीला उष्णता आली की नुकसान दुप्पट वेगाने होतं म्हणा ना. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या नावाने प्रसिद्ध असलेल्या माहितीत एक बोलका तक्ता आहे. २५ अंश तापमानात ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली, तर तिची ९६ टक्के ताकद टिकते. पूर्ण भरलेली ठेवली तर ८० टक्केच. तापमान ४० अंश असेल, तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. विदर्भात तर पारा ४५ च्या घरात जातो. त्यात पडदा सतत उजळलेला टॅब लाकडी चौकटीत घट्ट बसवलेला असला, तर त्याच्या पाठीची काय गत होत असेल!

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, टॅबमध्येच सोय आहे का ते पाहा. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर जा. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबमध्ये बॅटरी जपण्याची सोय असते. ती चालू केली की टॅब ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबतो. २०२४ साली आलेल्या आयपॅड प्रो आणि आयपॅड एअरमध्येही ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. ही सोय असेल, तर निम्मं काम झालंच.

अशी सोय नसेल तर टायमर वापरा. चार्जर आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा चोवीस तासांचा साधा टायमर विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. त्याच्या कडेला बारीक खुंट्या असतात. बहुधा एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं. आधी एका सुटीच्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन टॅब तासाला किती टक्के उतरतो आणि किती चढतो ते लिहून काढा. समजा, तासाला ३ टक्के उतरतो आणि चार्जिंगला लावल्यावर २० टक्के चढतो. मग सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास लावला, तर दिवसभरात ६३ टक्के खर्च आणि ६० टक्के जमा. तीन टक्क्यांची तूट राहिली! म्हणून एका वेळी पाव तास वाढवायचा. टायमरला बिचाऱ्याला टॅबवरचा आकडा दिसत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा तुम्हीच नजर टाका. आकडा रोज वर सरकत असेल तर एक खुंटी कमी, खाली सरकत असेल तर एक जास्त. ३० आणि ८० यांच्या मध्ये कुठेतरी फिरत राहिला की झालं.

तिसरा मार्ग ज्यांच्या घरी स्मार्ट प्लग आहे त्यांच्यासाठी. ज्या व्यवस्थेवर तुमचे दिवे चालतात (होम असिस्टंट किंवा तत्सम), तिलाच हे काम सांगता येतं: टॅब ३० टक्क्यांवर आला की प्लग चालू, ८० झाला की बंद. ज्याने घरात ही जुळवणी केली त्याच्याकडून एवढं करूनच घ्या. वर एक पुस्तीही जोडायला सांगा, की काहीही झालं तरी रात्री एक तास प्लग चालू व्हावा. वाय-फाय रुसलं, आकडा पोचला नाही आणि प्लग बंदच राहिला, तर टॅब पार उतरून जातो, आणि तेही बॅटरीला चांगलं नाही.

शिवाय काही बारीकसारीक गोष्टी: पश्चिमेचं ऊन येणाऱ्या भिंतीवर, गॅसच्या शेगडीजवळ टॅब लावू नका. मागे बोटभर तरी हवा खेळू द्या. पडद्याचा उजेड कमी ठेवा आणि समोर कुणी नसताना पडदा बंद होईल असं करा. टॅब गार राहतो आणि वीजही वाचते.

महिन्यातून एकदा

वाणसामान भराल त्या दिवशी टॅब भिंतीवरून उतरवून पाहायची सवय लावा. डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून कडेने बघा. पाठ सपाट आहे ना? काच आणि चौकट यांच्यात फट दिसते का? एरवीपेक्षा जास्त तापतोय का? ५० वरून एकदम १० वर येतो का? पाठ किंवा काच उचललेली दिसली तर पुढे विचार करायचा नाही.

टॅब बंद करा, वायर काढा. दाबून सपाट करायला जाऊ नका, सुईने टोचू नका, "एकदा लावून बघू" असं तर मुळीच नको. पडदे, कपडे आणि गॅसपासून दूर, सावलीत, उघड्या लादीवर ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही असा. नंतर कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. कचऱ्याच्या डब्यात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. तिथे ती चिरडली तर पेट घेते आणि भाजतो कुणीतरी तिसराच. धूर दिसला तर टॅबचा मोह सोडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

तुमच्या शंका

*दर वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करावा म्हणतात, ते खरं का?*
तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. लिथियमला तो लागू नाही. ही बॅटरी शून्यावर पडून राहिली तर उलट खराब होते.

*८० टक्क्यांवर थांबवलं, तर वीज गेल्यावर अडचण नाही का होणार?*
वीज गेली की दिवे जातात, आणि इन्व्हर्टर नसेल तर राउटरही बंद पडतो. मग १०० टक्के भरलेल्या टॅबने काय करायचं? इन्व्हर्टर असेल तर ८० टक्के कित्येक तास पुरतात. भिंतीवरची नेहमीची बटणं मात्र काढून टाकू देऊ नका.

*बॅटरी काढून टॅब थेट विजेवर चालवता येईल का?*
कित्येक टॅब बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत, आणि तो उद्योग घरी करण्यासारखा नाही. नवीनच घ्यायचं असेल, तर भिंतीवर लावायचे बिनबॅटरीचे पॅनेल मिळतात, त्यांची चौकशी करा.

*घरून ऑफिसचं काम चालतं, लॅपटॉप दिवसभर लावलेलाच असतो. त्याचं काय?*
हेच सगळं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती चालू करा. आणि लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून काम करू नका. खालून हवा कोंडते.