बोका, घमेलं आणि फिरता संडास

तर मंडळी, या शनिवारचा विषय आहे मांजराची शी. पोहे चालू असतील तर आधी संपवून घ्या.

वर्ध्याच्या आमच्या घरी संत्र्या नावाचा बोका आहे (नाव रंगावरून). पाच वर्षं हा गृहस्थ मागच्या व्हरांड्यातल्या रेतीच्या घमेल्यात सगळं उरकायचा आणि घमेलं साफ करायची आई. गेल्या दिवाळीपासून तिचा गुडघा वाकेना. मी पुण्यात. मग पुण्यातली मुलं जे करतात तेच मी केलं. एक महागडी वस्तू ऑनलाइन मागवली आणि कर्तव्य पार पाडल्याच्या आनंदात झोपलो.

ऑटोमॅटिक लिटर बॉक्स म्हणजे एक आडवा ड्रम. आत बेंटोनाइट, म्हणजे ओली झाली की गुठळी धरणारी माती (आपल्याकडे ती कच्छ-बाडमेरकडे निघते). मांजर आत शिरलं की वजनाचा सेन्सर नोंद घेतो, ते बाहेर पडल्यावर काही मिनिटांनी ड्रम फिरतो, माती जाळीतून गळते आणि गुठळ्या खालच्या खणात. डिझाइनवर मी फिदा! संत्र्या नव्हता.

दोन दिवसांच्या सुट्टीत घरी गेलो, घमेलं उचलून बाजूला टाकलं, यंत्र चालू केलं. मोटर घुरघुरली, बोका कपाटावर. रात्री निषेध नोंदवला तो धुतलेल्या चादरीवर.

"काहून छळून राहिला रे त्याले?" आई म्हणाली. "तुले कोनी फिरत्या संडासात बसवलं, तं बसशीन काय?"

मुद्दा बिनतोड होता. ऑफिसात जुनी सिस्टीम एका रात्रीत बंद करून नवी चालू केली तर मीच आधी बोंबललो असतो. दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवायच्या, हे काय मला कोणी शिकवायला हवं? मग घमेलं परत आलं. शेजारी यंत्र, प्लग काढलेलं. घमेल्यातली ओंजळभर वापरलेली रेती नव्या मातीवर टाकली, कारण मांजर जागा नाकाने ओळखतं. पाचव्या दिवशी साहेब आत गेले. पुढचा आठवडा आई तो स्वयंपाकघरात जेवत असतानाच बटण दाबायची, म्हणजे आवाज लांबून ऐकू यायचा. ऑटोमॅटिक मोड तिसऱ्या आठवड्यात. घमेलं मात्र अजून तिथेच आहे. मे महिन्यात वादळ सुटलं, लाइट गेली आणि ड्रम अर्धवट फिरून अडकला की बोक्याने जायचं कुठे?

सेवाग्राम आमच्यापासून आठ किलोमीटरवर. आपला मैला आपण साफ करायचा हे शाळेच्या प्रत्येक सहलीत ऐकलंय. 1946 च्या सुमारास विनोबा पवनारहून चालत सुरगावला सफाईला जात, तेही. त्याच जिल्ह्यातला मी बोक्याचं निस्तरायला मशीन आणतो. असो.

पण माझं खरं भांडण त्या जाहिरातीतल्या "लावा आणि विसरा" शी आहे. घमेलं साफ करणाऱ्याला रोज एक रिपोर्ट मिळत असतो. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. जूनमध्ये एका सकाळी आईच्या लक्षात आलं की ड्रम सारखा सारखा फिरतोय आणि खणात गुठळी एकही नाही. तिने शेजारच्या काकांना हाक मारली, टोपलीत घालून संत्र्याला डॉक्टरांकडे नेलं. वेळेत पोचले म्हणून वाचला.

आता गंमत बघा. तीच माहिती माझ्या मोबाइलवर आलेली होती. "आज 11 वेळा." मी नोटिफिकेशन बंद करून ठेवलं होतं, मीटिंगमध्ये टिंगटिंग नको म्हणून.

यंत्र आता विटांवर चढवलंय, आईला उभ्या उभ्या खण बघता येतो आणि ती रोज बघते. नोटिफिकेशन चालू केलंय. पुढच्या शनिवारी वर्ध्याला जातोय. तिचा गुडघा दाखवायचा अजून राहिलाय.