विहीर आटलेली नाही

विनोदी चित्रपटासाठी किंवा मालिकेसाठी स्वतंत्र कल्पना हवी म्हटलं, की हल्ली एकच उत्तर ऐकू येतं: नवं काही उरलेलंच नाही. वेषांतर, जुळे भाऊ, लपवलेलं लग्न, सगळं करून झालं. त्यापेक्षा दुसऱ्या भाषेत चाललेल्या चित्रपटाचे हक्क घ्यावेत आणि गावाचं नाव बदलावं. पुरावा म्हणून ‘अशी ही बनवाबनवी’ पुढे केला जातो. १९८८चा हा चित्रपट घराघरात तोंडपाठ आहे, आणि तो हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला आहे. सर्वांत लाडका चित्रपटच उसना, मग नव्याचा हट्ट कशाला?

पुरावा खरा आहे, निष्कर्ष साफ चुकीचा. पुरुषांनी बाईचा वेष घेण्याची युक्ती तर त्याहूनही जुनी. १९५१च्या एका जर्मन चित्रपटात दोन वादक बायकांच्या वाद्यवृंदात काम मिळावं म्हणून झगे चढवतात. तोही १९३५च्या फ्रेंच चित्रपटावरून घेतलेला. बिली वाइल्डरने १९५९मध्ये ‘सम लाइक इट हॉट’ करताना त्यांच्या मागे पिस्तूलवाले गुंड लावले. आपल्या ‘बनवाबनवी’त पुण्यात चौघांना डोक्यावर छप्पर हवं आहे आणि घरमालकीण जागा देणार ती जोडप्यांनाच. वेष तोच राहिला. तो घ्यायची पाळी का आली, ते मात्र बदलत गेलं; घराची अडचण ‘बीवी और मकान’मधलीच, पण ती पुण्यात नव्यानं रुजवावी लागली. भाड्याची खोली शोधत पेठा पालथ्या घातलेल्या माणसाला ती अडचण समजावून सांगावी लागत नाही. शिवाय संवाद ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या वसंत सबनीसांचे. बोलत्या मराठीची अशी जाण हक्कांच्या कागदाबरोबर मिळत नाही. नुसती गोष्ट उचलली आणि तिची अडचण इथली करून घेतली नाही, तर प्रेक्षक हसत नाही. मग आपण त्यालाच नावं ठेवतो.

आणि उसनं न घेताही जमतं. २००८च्या ‘वळू’त काय आहे? देवाला सोडलेला एक बैल, गावात जे काही बिघडेल त्याचं खापर त्याच्या माथी, आणि त्याला पकडायला बोलावलेला वनाधिकारी. उमेश आणि गिरीश कुलकर्णींनी एवढ्यावर सगळं गाव उभं केलं, गटबाजीसकट. २००७च्या ‘जाऊ तिथे खाऊ’त विहीरच चोरीला जाते, कारण ती फक्त कागदावर खणलेली असते. २००१मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेला तर एवढंही लागलं नाही. एका घरातल्या तीन पिढ्या आणि त्यांचं रोजचं जगणं पुरलं.

कल्पना संपलेल्या नाहीत, लेखकाचा वेळ संपवला जातो. रोज एक भाग देणाऱ्याला तलाठी कार्यालयाच्या बाकावर दुपारभर बसायला सवड कुठून मिळणार? वनलाइनला दाद द्यायची आणि मानधन मात्र पटकथा हाती आल्यावर, ही रीत आधी मोडायला हवी. त्या बाकावर बसण्याचेही पैसे लेखकाला मिळाले पाहिजेत, हे मी आग्रहानं म्हणतो.

कारण कच्चा माल मुबलक आहे. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली गेली. शाळा वाचवायला शेजारच्या गावातून मुलं उसनी आणणारं एखादं गाव आणि बोटावरची न निघणारी शाई, यावर आजवर दहा पटकथा यायला हव्या होत्या.

किंवा कोकणातला दहा गुंठ्यांचा तुकडा घ्या. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव. घर पडायला आलंय, विकायचं तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. नातू यादी करायला बसतो आणि वारस निघतात बत्तीस. एक डोंबिवलीत, एक बडोद्यात, एक लंडनला. एका आत्याला पैसे नकोत, आईचं जातं हवंय. एका काकांनी गणपतीतल्या भांडणानंतर वीस वर्षं घराचं तोंड पाहिलेलं नाही. नातू सगळीकडे फिरतो, जेवतो, बोलणी खातो, आपल्याच माणसांना पहिल्यांदा भेटतो. एकतीस सह्या होतात. बत्तिसावी ज्यांची हवी, ते चुलत आजोबा गडग्यापलीकडेच राहतात आणि नातू कुठून कुठून फिरून आला, ते रोज ओटीवरून पाहत असतात.