लायसन्सची खिडकी, नियम ४ आणि आमच्या वस्तीतली पोरं

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत, मातंग वस्तीत, वडार-कैकाड्यांच्या पालांवर जा आणि विशी-तिशीतली पोरं काय करतात ते विचारा. कोणी ऑटो चालवतो, कोणी छोटा हत्ती. कोणी हंगामात कारखान्याचा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर असतो, तर कोणी पुण्यात हडपसर-चाकणला पार्सलं पोचवतो. मग लायसन्स आहे का, असे विचारा. फार वेळा एकच उत्तर येते : "काढायचंय दादा, पण कागद पुरे नाहीत."

या "कागद पुरे नाहीत"वर आमचा आक्षेप आहे. कायदा जेवढे कागद मागतो त्याहून जास्त कागद खिडकीवर मागितले जातात. खिडकीच्या अलीकडे बसलेला एजंट त्यात आणखी दोन वाढवतो. कायदा आणि खिडकी यांच्यातल्या या अंतराची किंमत आमची पोरं मोजतात. आणि आमचे कार्यकर्ते अजून तो नियमच वाचायला बसलेले नाहीत.

नियम असा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा, त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला चौथा नियम वय आणि पत्ता यांच्या पुराव्याबद्दल आहे. मतदार यादी, आयुर्विम्याची पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी कार्यालयाची किंवा स्थानिक संस्थेची पगारपावती, शाळेचा दाखला, जन्म दाखला, सिव्हिल सर्जनच्या दर्जाखाली नसलेल्या डॉक्टरने दिलेला वयाचा दाखला अशी त्यात यादी आहे. यांपैकी एक किंवा अधिक कागद चालतात. सगळे लागतात असे कुठेही लिहिलेले नाही.

ही यादी नीट वाचली की ती कोणाचे घर डोळ्यांसमोर ठेवून केली ते कळते. पॉलिसी कोणाच्या घरात असते? पासपोर्ट कोणाच्या कपाटात असतो? स्थानिक संस्थेची पगारपावती म्हणाल, तर शहराची गटारे उपसणारी माणसे आमचीच आहेत. पण सफाईचे काम ठेकेदाराकडे गेले आणि पावतीही त्याच्याबरोबर गेली. उरतो शाळेचा दाखला. ज्याचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात त्या पोराची शाळा तिसरी-चौथीत सुटते. दाखला मिळालाच तर त्यावरची जन्मतारीख बहुधा १ जून असते. मराठवाड्यातल्या गुरुजींनी किती पिढ्यांना १ जूनला जन्माला घातले याची मोजदाद नाही! आईने सांगितलेला पोळा किंवा नागपंचमी रजिस्टरात बसत नव्हती, म्हणून शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहिली गेली.

पण याच नियमाला एक परंतुक आहे, आणि ते कोणीच सांगत नाही. पुरेशा कारणामुळे अर्जदाराला वरचे कागद देता येत नसतील, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र वय आणि पत्त्याचा पुरावा म्हणून स्वीकारण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला आहे. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपले तहसीलदारही. कागद नसलेला माणूसही या देशात आहे, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते, एवढाच याचा अर्थ. "स्वीकारू शकतो" म्हणजे "स्वीकारलेच पाहिजे" नव्हे, हे आम्हाला कळते. पण अधिकार हातात असताना तो न वापरणे हा अधिकाऱ्याचा निर्णय झाला, आणि निर्णयाचे कारण विचारता येते.

आता आधारकडे येऊ. महाराष्ट्रात जून २०२१ पासून घरबसल्या शिकाऊ लायसन्स काढण्याची सोय झाली. आधार क्रमांक टाका, मोबाईलवर ओटीपी येईल, घरीच परीक्षा द्या. किनवटच्या पोराला नांदेड सव्वाशे किलोमीटरहून लांब आहे, माहूरच्या पोराला त्याहून. त्यांच्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे. सोयीला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे पुढचे आहे. ज्याच्या आधारला जोडलेले सिमकार्ड दोन वर्षांपूर्वीच बंद पडले, ज्याचे ठसे विटा उचलून आणि सिमेंट कालवून पुसले गेले, त्याला सांगितले जाते की आता आधारशिवाय लायसन्स निघतच नाही. हे खोटे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ५८ सेवा ऑनलाइन केल्या तेव्हा आधारची पडताळणी ऐच्छिक ठेवली. आधार नसेल तर दुसऱ्या ओळखपत्रावर प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन अर्ज करता येतो, असेही त्यात म्हटले. ऐच्छिक होते ते सक्तीचे कोणी केले? त्याची अधिसूचना आम्हाला दाखवावी.

यातली गंमत अशी की आधारवरची जन्मतारीख हा जन्मतारखेचा पुरावाच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात म्हटले आहे. तो निकाल रस्ता अपघाताच्या नुकसानभरपाईचाच होता. मृताचे वय आधारवरून धरायचे की शाळेच्या दाखल्यावरून, असा वाद होता, आणि न्यायालयाने शाळेचा दाखला मानला. म्हणजे अपघातात मेल्यावर आधार चालत नाही, आणि जिवंतपणी लायसन्स मागितले की आधारशिवाय काही चालत नाही.

नावाचा घोळ वेगळाच. शाळेत "दगडू", आधारवर धम्मदीक्षेनंतरचे नाव, मतदार यादीत तिसरेच. इंग्रजी अक्षरांत "कांबळे" लिहिताना एके ठिकाणी एक ए जास्त पडला की माणूस दुसरा होतो. बायांचे हाल याहून वाईट. माहेरचे नाव दाखल्यावर, सासरचे आधारवर, आणि दोन्ही जोडणारा विवाह नोंदणीचा कागद नाही, कारण लग्न विहारात लागले आणि नोंदणी करा असे कोणी सांगितले नाही. धोंड्या, कचऱ्या, उकिरड्या ही नावे आमच्या आज्यांनी हौसेने ठेवली नव्हती. जातिव्यवस्थेने दिलेली ती नावे टाकून देणे हा आमच्या धम्मक्रांतीचा भाग आहे. त्या नावबदलाला कार्यालयाच्या भाषेत "तफावत" म्हणतात.

इथे थोडे मागे जाऊन सांगणे भाग आहे. गावगाड्यात दोन गावांच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष निर्णायक धरली जायची. सरकारी वसुलीचा भरणा तालुक्याला पोचवायचा तोच, मयताचा सांगावा गावोगाव न्यायचा तोच. ज्याच्या तोंडच्या शब्दावर गावाची हद्द ठरली, त्याच्या पणतूला आज स्वतःचा पत्ता सिद्ध करता येत नाही. गायरानावर घर आहे, म्हणून घरपट्टीची पावती नाही. १९७८ च्या नामांतर दंगलीत नांदेड-परभणीच्या खेड्यांत आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा घरातल्या पत्र्याच्या पेट्याही जळाल्या. त्या पेट्यांत काय होते, हे आज कोणती खिडकी विचारते?

आणि सरकारला कागद शोधता येत नाहीत, असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळातली दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधली गेली, हैदराबादपर्यंत शोध गेला. ज्याला नोंद हवी त्याला ती शोधून द्यावी, याला आमची हरकत नाही. आमचा प्रश्न इतकाच, की लाखो नोंदींसाठी सरकार स्वतः तळघरात उतरू शकते, तर आमच्या पोराच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी त्याच पोराला चार खेटे का? पुरावा सरकारच्या ताब्यात आहे आणि तो आणण्याची जबाबदारी मात्र नागरिकावर आहे. आंदोलनाची ताकद पाहून ही जबाबदारी कधी सरकार उचलते, कधी आमच्यावर टाकते.

बाबासाहेबांचे "वेटिंग फॉर अ व्हिसा" पुन्हा काढून वाचा. त्यातल्या दोन आठवणी गाडी कोण हाकणार, याच प्रश्नाच्या आहेत. लहानपणी मसूर स्टेशनवर गाडीवान अस्पृश्य पोरांना घेऊन गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन पोरांनीच बैलगाडी हाकली. पुढे १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेला आपलाच माणूस बसवला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. परदेशातून शिकून आलेल्या माणसाला ही किंमत मोजावी लागली, कारण लगाम धरण्याचे काम जातीत अडकले होते. आज टांगेवाला नकार देत नाही. स्टिअरिंग आमच्याच पोराच्या हातात आहे, फक्त ते त्याच्या हातात असण्याला कागदाची मान्यता नाही.

मान्यता नसली तर काय होते? कलम १८१ प्रमाणे विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५,००० रुपये आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो ५०० होता. पाच हजार म्हणजे आमच्याकडची दहा-बारा दिवसांची मजुरी. पण दंड ही सगळ्यात लहान गोष्ट आहे. अपघात झाला आणि चालकाकडे लायसन्स नसले, की विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि ते गाडीमालकाकडून वसूल करायला निघते. मालक म्हणजे कोण? फायनान्सवर ऑटो घेतलेला आपलाच भाऊ. तो स्वतः गेला तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही लायसन्स नाही म्हणून नाकारला जातो. सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देतो. तो ट्रॅक्टर रस्त्यावर कोण चालवणार आणि त्याच्याकडे लायसन्स आहे का, याचाही बंदोबस्त योजनेबरोबर व्हायला हवा.

काही गोष्टी आपल्या बाजूनेही बदलल्या आहेत आणि त्या वस्तीत पोचलेल्या नाहीत. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती. ती सप्टेंबर २०१९ मध्ये काढली. आजही "आठवी नाही, तर नाही निघत" असे पोरं सांगतात. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले, की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाचे व्यावसायिक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अर्ज राज्यातल्या कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे करता येतो. देगलूरचा पोरगा पुण्यात असेल तर त्याने अर्जासाठी काम बुडवून गावी यायची गरज नाही. आणि फी? शिकाऊ लायसन्सची प्रत्येक वर्गाला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. एजंटला हजारांत देतो ते कशाचे, ते त्यालाच विचारा.

पुढचे संकट मात्र आत्ताच दिसते आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, सरकारी नोकरी आणि ड्रायव्हिंग लायसन्स यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्म दाखला. ही मुले २०४१ मध्ये अठरा वर्षांची होतील. मुखेड, कंधार, जळकोटची ऊसतोड कामगार बाई सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर, कोपीत बाळंत होते. नोंद जन्म झाला तिथे करायची, मुदत २१ दिवसांची. मुकादम तिला २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नेणार आहे का? वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींची पद्धत आणखी कडक केली. घुसखोरांना रोखण्याचे कारण दिले गेले. जाळे टाकले कोणासाठी आणि सापडणार कोण, हे भटक्या-विमुक्तांना विचारा. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण "तू कोण, कुठला, कागद दाखव" हा प्रश्न त्यांच्या पालावरून अजून हललेला नाही.

तेव्हा आता काय करायचे? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळे झेंडे लावून निघणाऱ्या मोटारसायकली नांदेड-लातूरकरांना नवीन नाहीत. त्या दिवशी चौकात पोलिसांनी पावती फाडली की आपण ठाण्यावर मोर्चा नेतो. न्यावाच. पण यंदा मार्चमध्येच प्रत्येक विहारात एक टेबल मांडा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येक पोराची आणि पोरीची यादी करा, कोणाकडे कोणता कागद आहे ते लिहा. मतदार यादीत नाव नसेल तर आधी नमुना ६ भरा, तो फुकट आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे प्रतिज्ञापत्र तयार करा आणि त्यात नियम ४ च्या परंतुकाचा उल्लेख करा. मग दोन्ही जिल्ह्यांच्या आरटीओंकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकच मागणी न्या : तालुक्याच्या शिबिरात प्रतिज्ञापत्रासाठी नायब तहसीलदार आणि वयाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्याचा डॉक्टर एकाच दिवशी, एकाच मंडपात बसवा.

आणि खिडकीवर "उद्या या" म्हटले तर परत फिरू नका. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १७ सांगते, की परवाना नाकारायचा असेल तर तो लेखी आदेशाने आणि कारणे देऊन नाकारावा लागतो, आणि त्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते. तोंडी नकाराला अपील नाही. म्हणून अर्ज आवक करून पोच घ्या आणि नकार लेखी मागा. तो कागद मिळाला की त्याची एक प्रत वस्तीच्या फाईलला लावा आणि दुसरी घेऊन अपिलाला जा.

जय भीम.