वरण घट्टच हवे

प्रथिनांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटावर जिमला जाणारी तरुण मुले आणि त्यांना पावडरीचे डबे विकणारा बाजार. त्यांच्या मते वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम प्रोटीन पोटात गेले नाही तर दिवस फुकट गेला. दुसऱ्या तटावर आपली वडीलधारी मंडळी आणि त्यांची री ओढणारे बरेच शिकलेले लोक. "आमच्या आज्या वरणभात खाऊन नव्वदीला पोचल्या, हे प्रोटीनचे खूळ आले कुठून?" असा त्यांचा सवाल. पहिला पक्ष प्रमाणात चुकतो, दुसरा मुळातच चुकतो. माझे म्हणणे असे की बहुसंख्य मराठी घरांतल्या ताटात आज आहेत त्याहून जास्त प्रथिने असणे नक्कीच फायद्याचे आहे, आणि ती आपल्याच स्वयंपाकघरातून मिळू शकतात. दुसरा पक्ष अधिक आदरणीय आणि अधिक पसरलेला आहे, म्हणून आधी त्याच्याशी वाद.

या पक्षाच्या पाठीशी एक मोठे मराठी नाव उभे आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे काम अनेक वर्षे पाहिले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला आणि जगभर प्रथिनयुक्त पिठे, बिस्किटे, पावडरी बनवण्याच्या लगबगीला जोर आला. सुखात्म्यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे मांडून याला ठाम विरोध केला. प्रथिने कमी पडतात ती मुळात पोटभर अन्न मिळत नाही म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपाशी शरीर खाल्लेली प्रथिनेसुद्धा इंधन म्हणून जाळून टाकते. नेहमीचे धान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनांची गरज सहसा आपोआप भागते. हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. गोपालन लहान मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करून याच निष्कर्षाला आले होते. १९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅकलॅरेन यांनी त्या साऱ्या प्रथिन-मोहिमेची फजिती झाल्याचे जाहीरपणे लिहिले. सुखात्मे बरोबर होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ते कोणाबद्दल बरोबर होते? कष्टाने राबणाऱ्या आणि अर्धपोटी राहणाऱ्या माणसाबद्दल. दिवसभर नांगर धरणारा किंवा खडी फोडणारा माणूस पोटभर जेवला तर अर्धा किलो ज्वारी सहज खातो. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे नुसत्या भाकरीतून पन्नास ग्रॅम. ज्वारीतली प्रथिने पूर्णपणे पचत नाहीत हे जमेस धरले, तरी वर पिठले, आमटी, मिरचीसोबत दाण्याची चटणी आली की काम भागते. त्याच्या वरणाला पातळ असण्याची मुभा होती, कारण ताटातला खरा भार भाकरी उचलत होती.

आता खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचे ताट पाहा. चार पोळ्या, मूठभर भात, पातळ वरण, दोन चहा, संध्याकाळी एखादा वडापाव. पोट भरते, तेल आणि साखर उष्मांकांची पुरेपूर भरपाई करतात, वजनही वाढते. प्रथिनांची बेरीज मात्र तीस-बत्तीस ग्रॅमच्या पुढे जात नाही. पासष्ट किलोच्या पुरुषाला हवीत किमान चोपन्न. कष्ट गेले तशी भाकऱ्यांची चळत गेली आणि वरण मात्र तेवढेच पातळ राहिले. पोट भरलेले आणि प्रथिने अपुरी, ही स्थिती सुखात्म्यांच्या आकड्यांत विरळा होती. आज ती शहरातल्या गल्लोगल्ली आणि सधन खेड्यांतही आहे. त्यांचाच तर्क आजच्या ताटाला लावला, तर निष्कर्ष उलटा निघतो.

शिवाय गरजेचा आकडाही तेव्हाचा राहिलेला नाही. दर किलो वजनामागे रोज किती प्रथिने पुरेत, याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमित्यांचे उत्तर १९७३ साली पुरुषासाठी ०.५७ ग्रॅम होते, १९८५ साली ०.७५ झाले, २००७ साली ०.८३. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ०.८३ हाच आकडा घेतला, आणि मुख्यतः धान्य-डाळीवर जगणाऱ्यांसाठी तो एक ग्रॅमच्या आसपास धरावा असे सांगितले. हा आकडा निरोगी प्रौढाची झीज भरून निघण्यापुरता आहे. म्हातारपणी तो पुरत नाही. वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०१३ साली त्यांच्यासाठी एक ते १.२ ग्रॅमची शिफारस केली, कारण वय वाढते तसे तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बनतात.

म्हणजे ज्यांना जास्त हवीत, त्यांनाच आपण सर्वांत कमी वाढतो. सत्तरीतल्या, पन्नास किलो वजनाच्या बाईंचा दिवस घ्या. सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटे. दुपारी एक पोळी, दोन घास भात, वाटीभर पातळ वरण, थोडी दुधीची भाजी. चारला पुन्हा चहा. रात्री "जड नको" म्हणून मऊ भात आणि ताक. प्रामाणिकपणे बेरीज केली तर वीस-बावीस ग्रॅम भरतात. हवीत पन्नास. मग मांड्या बारीक होतात, जमिनीवर बसले की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठवत नाही, न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. याला घरात सगळे "वयच झालं" म्हणतात. वय झालेले असते हे खरे, पण त्या वयाला रोज निम्म्या आहारावर ठेवलेले असते, हेही तितकेच खरे.

राहिला आज्यांचा दाखला. नव्वदीला पोचलेल्या आज्या आठवतात, कारण त्या पोचल्या. स्वातंत्र्याच्या वेळी या देशातले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. न पोचलेल्यांचे ताट कोणी आठवत नाही. ज्या पोचल्या त्या पहाटे जाते ओढत होत्या, विहिरीवरून हंडे आणत होत्या, उखळात कांडत होत्या. आजच्या भाषेत तो रोजचा वजनाचा व्यायाम होता. त्यांचे वरण आपण उचलले आणि जाते सोडून दिले.

मग मूत्रपिंडाची भीती पुढे केली जाते. ती निराधार नाही, म्हणून नीट पाहिली पाहिजे. प्रथिने पचली की त्यांतल्या नायट्रोजनचा युरिया होतो आणि तो मूत्रपिंडातून गाळला जातो. प्रथिने वाढवली की गाळण्याचा वेग वाढतो. १९८२ साली अमेरिकन वैद्यक बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की हा वाढीव वेग मूत्रपिंडाला हळूहळू झिजवत असावा. आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाबद्दल ही काळजी आजही रास्त मानली जाते. निरोगी मूत्रपिंडाचे मात्र तसे नुकसान निरोगी लोकांवरच्या प्रयोगांत दिसलेले नाही. एक मूत्रपिंड दान केलेल्या माणसाचे उरलेले मूत्रपिंड वाढीव वेगाने गाळतच असते, आणि बहुतेक दाते पुढची कित्येक वर्षे ठणठणीत जगतात. तेव्हा सरसकट भीती घालू नये. पण ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी ताट बदलण्याआधी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाने प्रथिने किती खायची हे त्याच्या डॉक्टरनेच ठरवायचे. डायलिसिस सुरू झाल्यावर तर उलट जास्त लागतात, आणि "किडनीचा पेशंट" म्हणून नातेवाईक डाळ बंद करून बसतात, असेही घडते.

आपल्या शरीराचा एक विशेष या वादात विसरला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापे घेतली. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांची तूट मुख्यतः स्नायूंत होती, चरबी त्यामानाने फारशी कमी नव्हती. त्यामागे आईच्या पोषणाची अनेक कारणे आहेत, एकट्या प्रथिनांवर ते ढकलता येणार नाही. मोठेपणीही आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीचे राहतो. जेवणानंतर रक्तात येणारी साखर शोषून घेणारी सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. ज्यांची ही जागा जन्मतःच लहान आहे, त्यांनी ती टिकवण्याची काळजी इतरांहून जास्त घ्यायला हवी. मधुमेह इतका पसरलेल्या समाजाला पातळ वरण परवडणारे नाही.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. प्रथिने खाल्ली म्हणजे स्नायू झाले, असे होत नाही. चरबी साठवता येते तशी प्रथिने शरीराला साठवता येत नाहीत. गरजेहून जास्त गेलेली मोडली जातात, नायट्रोजन लघवीवाटे जातो आणि उरलेल्या भागाची ऊर्जा किंवा चरबी होते. स्नायू वाढतो तो भार उचलल्याने. वजने उचलणाऱ्या लोकांवरचे ४९ प्रयोग एकत्र करून २०१८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमनंतर फायदा थांबलेला दिसला. हा आकडा नियमित व्यायाम करणाऱ्यांचा आहे. जो जिममध्ये आठवड्यातून दोनदा आरशासमोर उभा राहून येतो, त्याला तेवढेही नकोत. पावडरीपायी ज्याने भाजी, फळे आणि भरड धान्य सोडले, त्याने तर पदरचे गमावले.

पावडरीच्या शुद्धतेबद्दलही विश्वास ठेवावा अशी स्थिती नाही. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सत्तर टक्के डब्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले निघाले. काहींत बुरशीचे विष आणि शिसेही सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहार-मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी अशा पावडरी घेऊ नयेत असा सल्ला दिला. आजारपणात, शस्त्रक्रियेनंतर, घास उतरत नसताना डॉक्टरांनी पावडर दिली तर ती औषध म्हणून घ्यावी. बिस्किटावर, वेफर्सवर, कुल्फीवर 'प्रोटीन' छापून चढ्या भावाने विकणे ही लूट आहे.

करायचे काय, हे आपल्या स्वयंपाकघराला माहीत आहे. चार माणसांच्या कुकरात अर्धी वाटी तूरडाळ पडते, म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम. माणशी चार ग्रॅम प्रथिने. ती वाटी पूर्ण भरली की आठ होतात. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचे किंवा बेसनाचे धिरडे घातले की आठ-नऊ ग्रॅम येतात. मटकीची उसळ, कुळथाचे पिठले, शेंगोळी, झुणका, मूठभर फुटाणे, दोन चमचे दाण्याचा कूट, वाटीभर दही: यांतले काहीही नवे शिकायचे नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर. म्हणून भाकरी आणि आमटी एकत्र खाण्याला विज्ञानाचाही आधार आहे, फक्त आमटीत डाळ दिसली पाहिजे. अंडे खाणाऱ्याला एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. कोकणातला सुका जवळा आणि सुके बोंबील ही तर प्रथिनांची खाण आहे, आणि ती गरिबाच्या घरातली म्हणून आपण तिला किंमत दिली नाही. आणि उपासाच्या दिवशी नुसता साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचा कूट सढळ हाताने पडू द्या. म्हाताऱ्या माणसांना हे सगळे एका जेवणात कोंबून चालत नाही. सकाळ, दुपार, रात्र असे वाटून द्यावे, आणि सोबत खुर्चीतून उठबस करण्याचा का होईना, पण रोज व्यायाम करून घ्यावा.

रविवारी मटण शिजणाऱ्या घरांतही हिशेब पुरा होत नाही. पातेल्यातल्या फोडी आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या ताटात जातात. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा आणि भाकरी येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सर्वांहून जास्त प्रथिने लागतात, आणि तिलाच ती मिळत नाहीत. तिचे ताट आधी वाढा.

ज्यांना डाळच परवडत नाही, त्यांना घट्ट वरणाचा उपदेश करणे मात्र निर्दयपणाचे आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफतही झाले. डाळ त्या हक्कात नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेऊन अंडे लोकसहभागावर सोपवले. ज्या गावात लोकसहभाग देण्याची ऐपत नाही, तिथल्याच मुलांना त्या अंड्याची सर्वांत जास्त गरज आहे. रेशनवर तांदूळ-गव्हासोबत डाळ द्या आणि शाळेतले अंडे सरकारी पैशाने पुन्हा सुरू करा, एवढी मागणी तरी आपण आपल्या आमदाराकडे केलीच पाहिजे.