परीक्षेत कॉलेजच्या गेटला कुलूप, आग लागली तर किल्ली कुणाकडे?

फेब्रुवारी आला की परभणी जिल्ह्यातल्या अनेक कॉलेजांच्या इमारतींचं रूप बदलतं. बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू होते, कॉपीमुक्त अभियानाची पथकं फिरू लागतात. मग येण्याजाण्यासाठी एकच दार उघडं राहतं. मागचं चॅनल गेट बंद, बाजूच्या जिन्याला कुलूप. बाहेरून चिठ्ठ्या येतात, म्हणून हे केलं जातं आणि त्यामागचं कारण कुणालाही पटेल.

अडचण एवढीच की इमारतीत सगळ्यात जास्त मुलं एकाच वेळी बसलेली असतात, नेमकी तेव्हाच बाहेर पडायची दारं सगळ्यात कमी असतात.

कॉलेजमधल्या आगीचा विषय निघाला की चर्चा भिंतीवरच्या लाल सिलिंडरवर येते. सिलिंडर आहे का, तारीख संपली का, वगैरे. ते महत्त्वाचं आहेच. पण शैक्षणिक ठिकाणच्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या तर माणसं बाहेर पडायला वाट न मिळाल्यानेच गेल्याचं दिसतं.

सुरत आणि डबवाली

२४ मे २०१९. सुरतच्या तक्षशिला आर्केड इमारतीत आग लागली. वरच्या मजल्यावर पत्र्याचं छप्पर टाकून क्लास चालवले जात होते आणि तिथे जायला लाकडी जिना होता. आग खालून आली, जिनाच पेटला. मुलांनी वरून उड्या मारल्या, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. २२ विद्यार्थ्यांचा जीव गेला.

त्याआधी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेचा वार्षिक कार्यक्रम सुरू होता. मांडवाचं कापड पेटलं आणि बाहेर पडायच्या दाराशी चेंगराचेंगरी झाली. ४०० हून अधिक लोक गेले, त्यात मुलांची संख्या मोठी होती. आपल्याकडे गॅदरिंगचा मोसमही डिसेंबर-जानेवारीचाच. तोच कापडी मांडव, तेच लाइटिंग, आणि बाहेरची पोरं आत घुसू नयेत म्हणून गेटवर तसाच बंदोबस्त.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र कायदा आहे, 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६'. या कायद्याने जबाबदारी थेट इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे कॉलेजच्या बाबतीत संस्था. आग लागल्यावर 'फायर ब्रिगेड उशिरा आली' असं म्हणून संस्थेला मोकळं होता येत नाही.

या कायद्यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांना फारशी माहीत नसते. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैमध्ये. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. तो मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. 'आमचं फायर ऑडिट तीन वर्षांपूर्वी झालंय' हे उत्तर त्यामुळे पुरेसं नाही. प्रश्न या जानेवारीच्या कागदाचा आहे. तो कागद विद्यार्थी किंवा पालक कॉलेजकडे मागू शकतात. कॉलेजने दाखवला नाही तर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो.

दारांबद्दल नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागात नियम आहेत. बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. शैक्षणिक इमारतीतला जिना किमान दीड मीटर रुंद हवा. ज्या जिन्याखाली जुने बाक, मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीची पत्र्याची कपाटं रचून ठेवली आहेत, तो कागदावर दीड मीटरचा असला तरी उपयोगाचा नाही. आणि असा कोपरा नसलेलं कॉलेज शोधावंच लागेल.

इंजिनिअरिंगसारख्या कॉलेजांना मान्यतेसाठी एआयसीटीईकडे अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यामुळे तिथे निदान फाइल तरी तयार असते. साध्या बीए-बीकॉमच्या कॉलेजला ही वाट चुकत नाही असं नाही, राज्याचा कायदा त्यालाही लागूच आहे. फक्त विचारणारं कुणी नसतं.

परभणीत वेगळं काय?

अंतर. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. बरीच कॉलेजं गावाबाहेर, हायवेलगत किंवा माळावर आहेत. जिंतूर किंवा गंगाखेडच्या नगरपरिषदेचा बंब आला तरी रस्ता, ट्रॅफिक आणि गेट यांत वेळ जाणारच. तोपर्यंतची पहिली काही मिनिटं आत असलेल्यांचीच असतात.

फोन करतानाही गोंधळ होतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या पसरलेल्या परिसरात 'विद्यापीठात आग लागलीय' एवढं सांगून भागत नाही. कोणती इमारत, कोणत्या गेटने यायचं, कुणी अडकलंय का, एवढं सांगावं लागतं. नंबर १०१ किंवा ११२, अॅम्ब्युलन्ससाठी १०८.

आगीपेक्षा धूर आधी मारतो, हे भंडाऱ्याने दाखवलं. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली, सात वाचली. म्हणून धूर दिसला की वाकून, नाकातोंडाला कापड लावून निघायचं, लिफ्टला हात लावायचा नाही. बाहेर ठरलेल्या जागी जमून हजेरी घ्यायची, म्हणजे कोण आत राहिलं ते कळतं.

सिलिंडर वापरायचा तर आग कचऱ्याच्या डब्याएवढी असतानाच आणि पाठीमागे दार मोकळं असेल तरच. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचं. साधारण १५-२० सेकंदांत तो रिकामा होतो. विजेच्या आगीवर पाणी नाही, आधी मेन स्विच बंद. केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या सोडियमवर तर पाणी चुकूनही नाही, तिथे कोरडी वाळूच लागते.

१४ एप्रिल हा देशात अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे अनेक जवान गेले. पुढचा आठवडा मॉक ड्रिलचा. पण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, नंतर उन्हाळा आणि युनिव्हर्सिटीच्या परीक्षा. त्यामुळे बऱ्याचदा ड्रिल होते ती मोजक्या कर्मचाऱ्यांसमोर, मैदानात, पेटवलेल्या टायरवर. मुलांना जिन्यावरून उतरवून पाहिलं जात नाही.

मग कॉपी होऊ द्यायची का?

नाही. बंद गेटपाशी एक माणूस बसवायचा आणि किल्ली त्याच्याच हातात ठेवायची. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही, पेपर वाटायला गेलेल्या शिपायाच्या खिशातही नाही. शक्य तिथे कुलपाऐवजी आतून उघडणारी कडी लावायची. प्रत्येक हॉलच्या पर्यवेक्षकाला पेपर सुरू होण्याआधी आपला जिना कोणता हे माहीत हवं. आणि मुलांच्या मनातला खरा प्रश्नही आधीच निकाली काढायला हवा. अलार्म वाजला आणि पेपर अर्धाच लिहून झाला असेल, तर उठायचं की नाही? उत्तरपत्रिका बाकावर ठेवून उठायचं, हे पर्यवेक्षकाने पहिल्या पेपरच्या दिवशी, सूचना वाचतानाच सांगायला हवं.