रस्त्याला साजेशी मोटारसायकल

मोटारसायकलच्या दुकानात पाऊल टाकताच गिऱ्हाईक प्रथम अश्वशक्तीची चौकशी करते. परंतु नेमका तोच तपशील निर्णयास निरुपयोगी ठरावा, असा योग सध्या दोन वाहनांच्या बाबतीत जुळून आला आहे. दूरच्या आणि खडतर प्रवासाकरिता योजलेली रॉयल एन्फील्डची हिमालयन ४५० आणि जुन्या घाटणीची, बजाजच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फची स्क्रॅम्ब्लर ४०० एक्स या दोन्ही २०२३ साली बाजारात आल्या, दोन्ही एकाच सिलिंडरच्या आहेत आणि दोन्हींची शक्ती सुमारे ४० अश्वशक्तीच भरते.

स्क्रॅम्ब्लरचे कुळ निःसंशय थोर आहे. इंग्लंडातील माळरानांवरच्या शर्यतींसाठी सडकेवरचीच गाडी घ्यावी, तिचे अनावश्यक भाग उतरवावेत, सायलेन्सर दगडांना लागू नये म्हणून उंच उचलून बाजूस बसवावा आणि खोल खाचांचे टायर चढवावेत, ही वहिवाट पडली तेव्हा स्वारापुढे दुसरा इलाजच नव्हता. आणि १९६४ साली पूर्व जर्मनीत भरलेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्टीव्ह मॅक्वीनसारखा विख्यात अमेरिकन नट उतरला, तो ट्रायम्फवर स्वार होऊनच. तथापि १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली, लांबचा पल्ला आणि कच्चा रस्ता ही दोन्ही ओझी एकाच वाहनास पेलतात हे दाखवले आणि पुढच्याच वर्षी पॅरिस-डाकार जिंकली. तेव्हापासून जे रूप गरजेपोटी जन्मले होते, ते बहुतांशी हौसेपोटी टिकून आहे.

हौस मला वर्ज्य नाही. माझे म्हणणे आपल्या मुलखातील रस्त्यांविषयी आहे. श्रावणात ताम्हिणी घाट उतरताना खड्डा गढूळ पाण्याने काठोकाठ भरलेला असतो, त्याची खोली नजरेस कळत नाही, आणि ब्रेक लावावा तर चाक निसटण्याचे भय. अशा क्षणी पुढचे चाक किती वर सरकू शकते, यावरच मनगटांचे आणि मागे बसलेल्या माणसाच्या कमरेचे भवितव्य अवलंबून असते. हिमालयनच्या सस्पेन्शनला ही मुभा २०० मिलिमीटरची आहे, स्क्रॅम्ब्लरच्या १५० ची. त्यात मागे माणूस आणि बाजूंना सामान असले, म्हणजे स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि उरलेली मुभा आणखी घटते. शिवाय खड्ड्याच्या ज्या कडेवर स्क्रॅम्ब्लरचे १९ इंची पुढचे चाक आदळते, तिच्यावर हिमालयनचे २१ इंची चाक पुष्कळ सहजतेने चढते.

टाकीतही हिमालयनचे १७ आणि स्क्रॅम्ब्लरचे १३ लिटर असा भेद आहे. लिटरमागे २५ किलोमीटर धरले तरी १०० किलोमीटरांची मजल वाढते.

हिमालयनच्या आरंभीच्या आरेदार चाकांत मात्र ट्यूब होती, आणि पंक्चर झाले की अख्खे चाक उतरवण्यावाचून गत्यंतर नसे. स्क्रॅम्ब्लरवाला तेवढ्या वेळात टायरमध्ये पट्टी ठोकून, हवा भरून मार्गस्थ होई. स्क्रॅम्ब्लरचे वजनही ११ किलोंनी कमी आहे. पण ठेंगण्या स्वारास तीच सोयीची, हा समज खरा नव्हे, कारण तिची बैठक ८३५ मिलिमीटर उंच, म्हणजे हिमालयनपेक्षा १० मिलिमीटरांनी अधिकच आहे.

म्हणूनच घाटवाटांनी सहकुटुंब हिंडणाऱ्यास मी हिमालयनच सुचवतो. आणि विक्रेत्यांकडे माझे आग्रहाचे मागणे आहे, की चाचणीची फेरी दुकानासमोरील गुळगुळीत सडकेवर न उरकता, गिऱ्हाइकाच्या घरचे माणूस मागे बसवून, उखडलेल्या रस्त्यावरून निदान पाच किलोमीटर तरी होऊ द्यावी.