खोट मालात, गुन्हा गिऱ्हाइकाचा

“मॅडम, तुम्ही लॅपटॉप गादीवर ठेवून वापरता का?”

पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. मी म्हटलं, टेबलावर. मग त्याने विचारलं, यात काय काय टाकलंय? वर्ड, झूम आणि इनपेज. इनपेज म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. उर्दू टाइप करायचं सॉफ्टवेअर, शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावर करते, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. “मग त्यानेच झालं असणार. असल्या सॉफ्टवेअरने ग्राफिक्सवर लोड येतो.”

नोकरीच्या इतक्या वर्षांत उर्दूवर झालेले बरेच आरोप ऐकले आहेत. पण नस्तालीकच्या वळणांनी लॅपटॉपची चिप जाळली, हा आरोप नवा होता.

हकीकत थोडक्यात सांगते. २०२० च्या जुलैत शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर चालले होते. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून ६२ हजारांचा लॅपटॉप घेतला. व्हिडिओ बनवायचे तर वेगळी ग्राफिक्स चिप असलेलाच घ्या, असं दुकानदार म्हणाला, म्हणून तो. वॉरंटी एक वर्षाची. चौदाव्या महिन्यात पडद्यावर उभ्या रंगीत रेघा आल्या, मग चौकोन, मग नुसता काळोख. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, दिसत काही नाही. सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलला. बिल १९ हजार ५०० रुपये, नव्या बोर्डाला हमी ९० दिवसांची. पाच महिन्यांनी त्याच रेघा, त्याच क्रमाने. तेव्हा सोलापुरातल्या एका गाळ्यात साडेतीन हजार देऊन चिप ‘रिबॉल’ करून घेतली. सहा आठवडे चालली. यंदा वार्षिक परीक्षेच्या तोंडावर लॅपटॉपने पुन्हा मान टाकली आणि मी सातवीच्या प्रश्नपत्रिका हाताने लिहून झेरॉक्स काढल्या. पतसंस्थेचे हप्ते अजून पगारातून कापले जातात.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव इथे लिहीत नाही. ते ग्राहक आयोगापुढे घेईन.

यंत्र बिघडतं, त्याला कुणाचा इलाज नाही. चहा सांडतो, धूळ बसते, उंदीर वायर कुरतडतो. तसं झालं असतं तर मी गुपचूप पैसे भरले असते. माझा राग ‘तुमचा वापर’ या दोन शब्दांवर आहे. आम्ही पाच शिक्षकांनी पतसंस्थेच्या एकाच योजनेत हेच मॉडेल घेतलं होतं. पाचांपैकी तिघांचे लॅपटॉप त्याच रेघा दाखवून बंद पडले. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना सांगण्यात आलं की आत धूळ गेली. शेजारच्या मराठी शाळेतल्या बाईंना सांगितलं, तुमच्या भागातलं व्होल्टेज खराब आहे. मला उर्दू. दुखणं एकच, कारणं तीन, आणि तिन्ही कारणांत गुन्हेगार गिऱ्हाईकच. वर्गात खिडकीची काच फुटली की मीसुद्धा आधी मागच्या बाकावरच्या पोरांना उभं करते, म्हणून ही युक्ती मला लगेच ओळखू आली.

आता हे दुखणं काय आहे ते समजून घेऊ, कारण ते न समजल्यामुळेच आपण फसतो. ग्राफिक्स चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. तो एका लहानशा हिरव्या पट्टीवर बसवलेला असतो आणि दोघांना जोडतात सोल्डरचे शेकडो बारीक थेंब. थेंबांच्या मधली जागा एका चिकट राळेने भरलेली असते. चिप तापली की सिलिकॉन कमी फुगतं, पट्टी जास्त फुगते. थंड झाली की दोन्ही आपापल्या मापाने आकसतात. म्हणजे लॅपटॉप चालू-बंद करताना दर वेळी ते थेंब ताणले जातात. राळ पक्की असेल तर ती हा ताण वाटून घेते. राळ नेहमीच्या तापमानालाच मऊ पडणारी असेल, किंवा थेंबांचा धातू ताण न सोसणारा असेल, तर तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तसा थेंबाला तडा जातो. पहिल्या दिवशी सगळं ठीक असतं. वर्ष-दीड वर्षाने, बहुधा वॉरंटी संपल्यावर, रेघा येतात. गादी, धूळ, व्होल्टेज यांनी फार तर तारीख थोडी अलीकडे येईल. खोट कारखान्यातून निघतानाच आत असते.

हे माझं मास्तरकीचं अनुमान नाही. असा घोटाळा जगासमोर येऊन गेला आहे. २ जुलै २००८ ला एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या तिच्या काही चिपच्या जोडणीतलं साहित्य कमकुवत आहे. त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर तिने बाजूला काढले. त्या चिप एचपी, डेल, ॲपल अशा मोठमोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये होत्या. मग लॅपटॉपवाल्यांनी काय केलं? डेलने एक अपडेट दिला, ज्याने पंखा जास्त वेळ फिरतो. पंखा फिरला की चिप कमी तापणार, तडा उशिरा जाणार. उशिरा म्हणजे वॉरंटीनंतर, असं चिडलेले ग्राहक तेव्हाच म्हणू लागले होते. पुढे डेलने अशा लॅपटॉपची वॉरंटी वाढवली, पण आधी पंखा!

ॲपलचा किस्सा तर मासलेवाईक आहे. तुमच्या मॅकमधल्या चिपना काही होणार नाही, असा शब्द एनव्हिडियाने ॲपलला दिला होता. ॲपलने स्वतः तपास केला आणि त्याच वर्षी जाहीर केलं की काही मॅकबुक प्रोमध्ये ही खोट असू शकते, आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ. ॲपलएवढ्या गिऱ्हाइकालाही पुरवठादाराच्या शब्दावर विसंबता आलं नाही. काउंटरवरच्या मुलाच्या शब्दावर मी का विसंबावं?

त्यानंतर ॲपलने तरी काही शिकावं? २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमध्ये चिप बदलली, एएमडीची आली. रेघा, निळे-करडे पडदे, आपोआप बंद होणं, सगळं पुन्हा सुरू. लोकांनी स्वतःच्या खिशातून बोर्ड बदलले. नव्या बोर्डावर चिप तीच, त्यामुळे कित्येकांचे पुन्हा गेले. हजारो लोकांनी सह्यांची मोहीम चालवली, ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीने फुकट दुरुस्तीची योजना जाहीर केली. तेव्हाही भाषा अशी की थोड्याच लॅपटॉपना हा त्रास होऊ शकतो. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना परतफेडीची सोय ठेवावी लागली. २०११ चा माल, २०१५ चा न्याय. मधल्या काळात किती जणांनी वैतागून लॅपटॉप भंगारात दिला, त्यांना कोण परतफेड करणार?

एनव्हिडियाच्या प्रकरणातला अमेरिकेतला सामूहिक दावा २०१० मध्ये तडजोडीने मिटला. एचपीच्या ग्राहकांना बदल्यात एक साधा कॉम्पॅक लॅपटॉप मिळाला. ज्यांचा मूळचा महागडा टॅब्लेटवाला होता, ते यावर भडकले. पण आपल्या दृष्टीने त्यातली मुख्य ओळ वेगळी आहे. ती तडजोड अमेरिकेत खरेदी केलेल्यांसाठी होती. चिपच्या थेंबांना देश कळत नाही, सोलापूर आणि सॅन होजे दोन्हीकडे ते सारखेच तडकतात. तिथले ग्राहक मात्र एकत्र होऊन कोर्टात गेले, आणि आपण एकेकटे गाळ्यात गेलो.

गाळ्यातल्या कामाबद्दलही बोललं पाहिजे. तिथे चिपवर गरम हवा मारतात किंवा चिप काढून खालचे गोळे नवे बसवतात. पण ते गोळे चिपची पट्टी आणि मदरबोर्ड यांच्या मधले. तडा असतो त्याच्या वर, सिलिकॉन आणि पट्टीच्या मध्ये, जिथे कुणाचं हत्यार पोचत नाही. उष्णतेने तुटलेली टोकं काही दिवस एकमेकांना टेकतात, म्हणून लॅपटॉप चालू होतो आणि आपण दुवा देतो. तापाच्या गोळीने टायफॉइड बरा झाला असं समजण्यासारखं आहे हे. माझा लॅपटॉप ज्याने केला तो माझाच जुना विद्यार्थी. पैसे घेण्याआधी तो म्हणाला होता, “आपा, हे किती दिवस टिकेल सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर केलं नसतं.” मी हट्टाने करून घेतलं. नववीपर्यंत शिकलेल्या या पोराने जे सांगितलं, तेवढंही एसीत बसलेल्या अधिकृत सेंटरने १९ हजार ५०० घेताना सांगितलं नाही. नव्या बोर्डावर तीच चिप आहे का, हे मी तिथे दोनदा विचारलं होतं. “ओरिजिनल पार्ट आहे मॅडम,” एवढंच उत्तर मिळालं. खरंच होतं ते, खोटही ओरिजिनलच होती.

आता थोडं आपल्या लोकांशी. गणिताच्या सरांना मी म्हटलं, चला तक्रार करू. ते म्हणाले, “जाऊ द्या हो आपा, नसीब आपलं.” नसिबाचा इथे काय संबंध? मालातला ऐब माहीत असून विकणाऱ्याने तो लपवला, तर सौदा मोडून पैसे परत मागण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. फिकहमध्ये याला खियार-ए-ऐब म्हणतात आणि हे आपल्या घरातल्या बुजुर्गांना पाठ असतं. बकरी ईदच्या बाजारात आपण बकऱ्याचं तोंड उघडून दात मोजतो, शिंग चाचपतो, चार पावलं चालवून बघतो. त्यात खोट निघाली तर व्यापाऱ्याची गच्ची धरतो. तिथे कुणी नसीब म्हणत नाही. ६२ हजारांच्या यंत्राचं बिल मात्र आपण बिर्याणीच्या डब्याखाली घालतो. आम्हा पाचांपैकी एकाचं बिल खरोखर असंच गेलं, गंमत म्हणून सांगत नाही.

आणि कायदाही बकऱ्याच्या बाजारापेक्षा मागे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात वॉरंटी आणि दोष या वेगळ्या गोष्टी आहेत. वॉरंटी हा कंपनीने दिलेला शब्द. दोष हा मालाचा गुण. शब्दाची मुदत संपल्याने दोष गुणात बदलत नाही. वॉरंटी संपली म्हणून तक्रारच करता येत नाही, हे काउंटरवरचं शास्त्र आहे, कायद्यातलं नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे पुण्या-बंगळूरला खेटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. सारखाच त्रास असलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करू शकतात, ते कलम ३५ मध्ये आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. एकच अट कडक आहे, दोन वर्षांची. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत गेलं पाहिजे, उशीर झाला तर त्याचं सबळ कारण आयोगाला पटवावं लागतं. माझ्या पडद्यावर पहिली रेघ सप्टेंबर २०२१ मध्ये आली, म्हणजे मला पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. आणखी एकदा दुरुस्त करून बघू म्हणत हे दोन वर्ष घालवायचे नाहीत, एवढं मी ठरवलंय.

मी आणि मराठी शाळेच्या बाई मिळून तक्रार लिहायला घेतली आहे. मसुदा मराठीत आहे, त्यांनी माझ्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. सोबत तिन्ही लॅपटॉपच्या पडद्यांचे फोटो, जॉबशीट, मदरबोर्ड बदलल्याचं बिल आणि ‘तुमचा वापर’ असं लिहिलेला सर्व्हिस सेंटरचा ईमेल जोडतोय. रेघा दिसतात तेवढ्यात मोबाइलने फोटो काढून ठेवा, कारण पडदा काळा झाल्यावर पुरावाही काळाच उरतो. सोलापूर जिल्ह्यात आणखी कुणाच्या लॅपटॉपने चौदा-पंधरा महिन्यांत अशाच रेघा दाखवल्या असतील, तर लॅपटॉपखालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक आणि बिल घेऊन शाळा सुटल्यावर भेटा. गणिताच्या सरांनी काल संध्याकाळी फोन केला होता. म्हणाले, बिल शोधतोय.